आजोबांच्या ‘बंगाली’ला जोडीदार : जुन्या वस्तऱ्यांच्या ऑनलाइन लिलावाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

आजोबांची धोकटी, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांची पिशवी, आज उघडली. ते गेल्यापासून ती माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होती. आत नखं काढायची नराणी, चिमटा, एका बाजूची कडी तुटलेली कात्री, मधोमध झिजून वाटीसारखा झालेला तळहाताएवढा दगड, आणि धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला वस्तरा. चिंधीला तेल वाळून चिकटलं होतं, त्या तेलानंच वस्तरा वाचवला.

घरात त्याला सगळे ‘बंगाली’ म्हणायचे. निजामाचं राज्य असताना आजोबांनी हैदराबादेत हाली सिक्क्याचे रुपये मोजून तो घेतला, एवढं वडील सांगतात. बंगाली म्हणजे बंगालात घडवलेला, असं मीही आजवर धरून चाललो होतो. माझं लातुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या मायक्रोस्कोपखाली पात्याच्या मुळाशी असलेला शिक्का धरला. सुरुवातीची अक्षरं झिजून गेलीत. शेवटचं ‘गॉल’ दिसतं, त्याखाली ‘मन अँड सन्स’, आणि सगळ्यात खाली ‘शेफील्ड, इंग्लंड’. दोन तास शोधल्यावर जुळलं. छाप ‘बेंगॉल’, कारखाना शेफील्डचा टी. आर. कॅडमन अँड सन्स. बेंगॉलचा बंगाली आमच्या घरात झाला.

‘इंग्लंड’ हा शब्द उपयोगाचा आहे. परदेशी मालावर देशाचं नाव हवंच, असा कायदा अमेरिकेनं १८९० साली केला. त्यानंतर शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारखानदार गावाबरोबर देशाचं नावही ठोकू लागले. म्हणजे हा वस्तरा त्याआधीचा नसावा. नुसतं गावाचं नाव असेल तर वस्तरा बहुधा त्याहून जुना. नुसता अंदाज बांधायला एवढं पुरतं.

अवस्था वाईट आहे. टोक तुटलेलं. काचेवर आडवा ठेवला तर धार मध्येच टेकते आणि दोन्ही टोकांना कागद सरकतो. पाठ झिजून सपाट झालीय, एका बाजूला तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम दोन. यानं दाढी होणार नाही.

ठरवलं ते असं: याच छापाचा, धड अवस्थेतला वस्तरा लिलावात मिळवायचा, स्वतः धार लावायची, आणि आबांकडून त्यानं दाढी करून घ्यायची. आबा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, औशाला असतात, वय ८०. आजोबांच्या हाताखाली शिकलेले आता तेवढेच उरलेत. वडिलांनी आणि आबांनी नव्वदच्या दशकात, एड्सची भीती पसरली तेव्हा, अर्ध्या ब्लेडचा वस्तरा धरला, तेव्हापासून घरातल्या कुणाच्या हातात जुना वस्तरा नाही. बजेट १५,००० रुपये.

१७ जून

पहिला लिलाव हातचा गेला. इंग्लंडमधले विकणारे लिलाव बहुतेक रविवारी संध्याकाळी संपवतात, कारण तेव्हा त्यांच्याकडची माणसं घरी असतात. तिकडचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचा रात्रीचा एक. जागा राहिलो, पण कार्डच चालेना. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते आपण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे असतात. हे काम दिवसा दोन मिनिटांचं आहे. रात्री बाराला ॲप पासवर्ड बदला म्हणालं, आणि सगळं होईतो एक वाजून गेला होता.

२४ जून

पुन्हा एक वाजताचा लिलाव. बाराच्या सुमाराला वारं सुटलं, लाइट गेली, वायफाय गेलं, मोबाइलची रेंजही गेली. शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावायची म्हणून थांबलो होतो. वस्तरा १९ पौंडांत गेला, मी ३० पर्यंत जायला तयार होतो.

यावर उपाय लिलावाच्या साइटवरच आहे आणि तो मला आधी पटला नव्हता. आपली जास्तीत जास्त रक्कम आधीच टाकून ठेवायची. समोरचा वाढवेल तसतशी यंत्रणा आपल्या वतीनं एकेक पायरी वाढवते, एकदम सगळी रक्कम लावत नाही. शेवटच्या क्षणी बोली लावली तर समोरच्याला वाढवायला वेळ मिळत नाही हे खरं. पण आपल्याकडच्या लाइटीच्या भरवशावर ते करू नये. आता संध्याकाळीच रक्कम टाकतो आणि झोपतो.

७ जुलै

एक वस्तरा मिळाला. बेंगॉल नाही. ‘हात बसवायला आधी एखादा घ्यावा’ असं वाटलं. झोलिंगेनचा, पोकळ घडणीचा (पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासून पातळ केलेलं), फोटोत आरशासारखा चमकणारा. वर्णनात ‘नव्यासारखा केलेला’. २२ पौंड, पाठवणी साडेसोळा.

२८ जुलै

पार्सल आलं. कस्टम ड्युटी धरून दारात पडेपर्यंत ६,१०० रुपये झाले. ड्युटी नुसत्या वस्तऱ्याच्या किमतीवर बसत नाही, पाठवणीच्या खर्चासकट बसते. २२ पौंडांचा वस्तरा डोक्यात ठेवून बोली लावली की हिशेब इथे चुकतो. आता बोलीची कमाल रक्कम ठरवताना उलटीकडून येतो: दारात किती पडायला हवा, त्यातून ड्युटी आणि पाठवणी वजा, उरेल ती बोली.

पार्सल मागच्या आठवड्यात हाती पडल्यापासून चार रात्री मिळून नऊ तास १,००० च्या दगडावर घालवले (आकडा मोठा तितका दगड बारीक). धार येते, हाताचा केस कापते, परजायच्या कातडी पट्ट्यावर चार वेळा फिरवलं की बोथट. पुन्हा दगड, पुन्हा तेच. माझाच हात चुकतोय असं धरून पाण्याचं प्रमाण बदललं, दाब बदलला, पाठीला टेप लावली, काढली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर धार तुटलेली नव्हती, एका बाजूला कलंडली होती, पातळ पत्र्याची कड वाकावी तशी.

३१ जुलै

वस्तरा घेऊन औशाला गेलो. आबांनी शिक्का पाहिला नाही, कंपनी विचारली नाही. उजेडाकडे धरून पातं तिरपं केलं, अंगठ्याच्या नखावर धार हलकेच टेकवून सरकवली, आणि परत माझ्या हातात दिलं.

‘‘काय घासायलास लेकरा? ह्याचं पाणी गेलंय. कितीबी घास, धार टिकायची नाही.’’

घरी येऊन पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतलं, यावेळी धार सोडून टोकाकडचा पृष्ठभाग पाहिला. पॉलिशच्या रेघांच्या तळाशी टोकाजवळ निळसर-जांभळी झाक राहिलीय. कुणीतरी हे पातं यंत्राच्या बफवर धरून चमकवलंय. पोकळ घडणीच्या पात्याची धारेजवळची जाडी कागदाइतकी, ती तापायला दोन-तीन सेकंद पुरतात. पोलाद निळं पडलं म्हणजे ३०० अंशांच्या आसपास तापलं, आणि तेवढं तापलं की दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, उतरला. पुन्हा पाणी द्यायचं तर पातं लाल करून विझवावं लागेल, आणि एवढं पातळ पातं त्यात वाकडंतिकडं होतं. हा वस्तरा फुकट गेला.

तेव्हापासून नियम केला: आरशासारखा चमकणारा जुना वस्तरा घ्यायचा नाही. काळपट, डागाळलेला, कुणी हात न लावलेला घ्यायचा. काळा थर पोलादाला खात नाही. खातो तो लाल, भुरभुरणारा गंज, आणि त्यातही धारेपासून दूर असलेला गंज चालतो, धारेवरचा खड्डा चालत नाही. दगडावर घासून खड्डा गेला असं वाटतं, पण तो आत कुठवर गेलाय ते धार तिथे पोचल्यावरच कळतं.

११ ऑगस्ट

मध्ये काही घेतलं नाही, नुसते फोटो पाहिले. रोज रात्री तासभर. आता डोळा पाठीवर आधी जातो. कारण सांगतो, कारण मलाही ते सहा हजार घालवून कळलं. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. धारेचा कोन पाठीच्या जाडीनं ठरतो, हातानं नाही. म्हणून दर वेळी धारेबरोबर पाठही थोडी झिजते आणि कोन बराचसा कायम राहतो. पण एखाद्यानं दाब एकीकडेच दिला, किंवा खोलगट झालेल्या दगडावर वर्षानुवर्षं घासला, तर पाठ एका ठिकाणी जास्त खाल्ली जाते आणि धार त्याच्या मागं जाते. नाव कितीही मोठं असो, त्या पात्यात धातूच उरलेला नसतो. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्याचा तारा आणि क्रॉसचा शिक्का दिसला की बोली चढते, मग पाठीवर पाच मिलिमीटरची सपाटी असली तरी चढते. मी दोन वेळा ते होताना पाहिलं.

विकणाऱ्याला आता चार फोटो मागतो. पाठ वरून, पूर्ण लांबीची. धार एखाद्या सरळ पट्टीला लावून. शिक्का जवळून. आणि खिळ्याजवळचा दस्ता, कारण तडे तिथूनच सुरू होतात. भाषांतराच्या ॲपमधून दोन ओळींत, नम्रपणे. दहापैकी सहा-सात जण फोटो पाठवतात. जे पाठवत नाहीत त्यांच्या वस्तऱ्यावर बोली लावायची नाही.

हस्तिदंती दस्त्याचे वस्तरे कितीही सुंदर दिसले तरी पुढं जायचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पुढं झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताची खरेदी-विक्री पूर्ण बंद आहे, आफ्रिकेतलाही त्यात आला. कासवाच्या पाठीच्या दस्त्याचंही तसंच. वर्णनात ‘जुनं हाड’ लिहून हस्तिदंत विकणारे असतात. शंका आली तरी सोडायचं.

२९ ऑगस्ट

पाच वस्तऱ्यांचा एकत्र लॉट घेतला होता, ३८ पौंड आणि पाठवणी २१. दारात ९,४०० रुपये. एक बेंगॉल असावा असं फोटोतल्या अर्ध्या शिक्क्यावरून वाटलं, तो नव्हता.

डबा उघडल्याबरोबर नाकात झोंबणारा आंबूस वास, आणि त्यामागे कापराचा. कापूर कुठून आला म्हणून तीनदा वास घेतला. मग वाचलं की जुना सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूरच घालायचे. हा सेल्युलॉइड म्हातारा झाला की सडतो, आतून आम्लाची वाफ सोडतो, आणि ती वाफ पातं खाते. कासवाच्या रंगाचा एक दस्ता धुकट झाला होता, त्यात बारीक उभ्या-आडव्या चिरा, बोटानं दाबला तर कोपरा मुरमुऱ्यासारखा चुरला. पातं दस्त्यात मिटतं तेवढा भाग गंजानं चाळण, आणि बाहेर राहणारं मूळ स्वच्छ. हीच खूण फोटोत दिसत होती. मला ती साधा गंज वाटली. दस्त्याच्या आतला भाग खराब आणि बाहेरचा चांगला, असं दिसलं की तो सडका सेल्युलॉइड समजायचा.

वाईट याचं की तो एकटा मरत नाही. सगळे पाच एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आले. शेजारच्या दोघांवर ताजा लाल गंज आला होता, तोही सडक्याकडे तोंड असलेल्या बाजूलाच. त्याच रात्री सडक्याचा दस्ता खिळे काढून वेगळा केला, पाती खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, पुसून तेल लावलं. दोन वाचले: शिंगाच्या दस्त्याचा एक भरीव शेफील्ड, ज्यावर मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही आर’ अक्षरं आहेत, आणि एक साधा जर्मन. सेल्युलॉइड फार लवकर पेटतो, त्यामुळे काढलेले तुकडे चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका. मी पाण्याच्या बादलीत भिजवून बाहेर ठेवले.

३ सप्टेंबर

दोन दिवस मराठवाडाभर अतिवृष्टी. कपाटातली कापडं ओली लागतायत. वाचवलेल्या दोन वस्तऱ्यांना तेल लावून मी मऊ कातड्यात गुंडाळून ठेवलं होतं, कातडं म्हणजे उत्तम वेष्टण असं समजून. आज उघडलं तर जिथं कातड्याची घडी पात्याला टेकत होती तिथं सरळ रेघेत ठिपके. कातडं हवेतलं पाणी ओढून धरतं आणि तेल पुसून घेतं. दीड तास घासून ठिपके गेले, जर्मनच्या पाठीवर एक खड्डा कायम राहिला.

आता शिलाई मशीनचं पातळ तेल, कातड्याऐवजी टिश्यू, पत्र्याचा झाकणाचा डबा आणि मोबाइलच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्या माझ्याकडे शेकड्यानं पडून होत्या. आजोबांची तेलकट चिंधी त्यांच्या जागी बरोबर होती: सुती कापड तेल धरून ठेवतं, आणि आमच्याकडे वर्षाचे आठ महिने हवा कोरडीच असते.

१७ सप्टेंबर

सकाळी झेंडावंदन, मुक्तिसंग्राम दिन. आणि आजच अनंत चतुर्दशी, त्यामुळे संध्याकाळपासून दुकानासमोरून मिरवणुका. बेंगॉल सापडला होता आणि त्याचा लिलाव रात्री ११.४० ला संपणार होता. चारही फोटो आले होते. पाठीवरची सपाटी एक मिलिमीटरच्या आत, दोन्ही बाजू सारख्या. धार पट्टीला लागून सरळ. शिक्का पूर्ण: ‘बेंगॉल’, खाली ‘टी. आर. कॅडमन अँड सन्स’. रंग काळा मिचकूट, म्हणजे बफवाल्याचा हात लागलेला नाही. दस्त्यावरचा एक खिळा ढिला.

३६ पौंड दुपारीच टाकून ठेवले. गर्दीमुळे रात्री रेंज जवळजवळ नव्हतीच, पान उघडेना. निकाल घरी जाऊन साडेबाराला कळला. ३१ पौंडांत मिळाला. वडील जागे होते, त्यांना फोटोतला शिक्का मोठा करून दाखवला. त्यांनी तो बोटानं अक्षर अक्षर वाचला.

२१ ऑक्टोबर

पार्सल आलं. ओळखपत्राची प्रत मागणारा मेसेज मला जाहिरात वाटला आणि मी तो पुसला, त्यात अकरा दिवस गेले. परदेशी पार्सल येणार असेल तर असे मेसेज उघडून बघा, आणि लिंक न दाबता ट्रॅकिंग नंबर जुळवून घ्या. दारात ७,४०० रुपये.

दोन्ही वस्तरे टेबलावर शेजारी ठेवले. आजोबांचं पातं नव्या जोडीदारापेक्षा साडेतीन मिलिमीटर अरुंद आहे. मूळ रुंदी सहा अष्टमांश इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. वस्तऱ्याची रुंदी अशीच इंचाच्या अष्टमांशांत मोजतात. आजोबांच्या हातात पोलाद साडेतीन मिलिमीटर झिजलं. दोघांचे दस्ते काळे. टेबललॅम्पसमोर धरले तर पातळ कडेला दोन्ही मधासारखे तपकिरी उजळतात आणि आत तंतूंच्या रेघा दिसतात, म्हणजे शिंग आहे, प्लॅस्टिक नाही.

पार्सल येऊन दोन रात्री झाल्या, त्या साफ करण्यात गेल्या. दुकानात बोर्ड धुवायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल असतंच, वस्तरा आधी त्यानं पुसून घेतला. वापरलेला वस्तरा कुणाच्या चेहऱ्यावरून आलाय ते आपल्याला दिसत नाही, ही पायरी चुकवू नये. शिंगाचा दस्ता उकळत्या पाण्यात घालू नये, तो वाकतो. मग १,००० चा आणि २,००० चा पॉलिश पेपर तेलात बुडवून, पाठीपासून धारेकडे, नुसत्या बोटांनी. काळा थर पूर्ण काढला नाही. शिक्क्याला तर पेपर लावलाच नाही, त्याची अक्षरं उथळ असतात आणि दहा मिनिटांत पुसली जातात.

२७ ऑक्टोबर

धार. इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

दगड आधी सपाट करायला हवा, अगदी नवा असला तरी. काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणला, त्यावर ओला पॉलिश पेपर, दगडावर पेन्सिलीच्या उभ्या-आडव्या रेघा मारून पुसल्या जाईपर्यंत घासला. १,०००/६,००० च्या जोडदगडाचा एक कोपरा आठ मिनिटं रेघ सोडेना, इतका तो खाली होता. पाठीला इलेक्ट्रिकची टेप एक पदर. जोडीदाराची पाठ शाबूत आहे ती तशीच राहावी म्हणून. टेप दर दगडाला नवी.

मग परमनंट मार्करनं धारेची दोन्ही अंगं काळी केली आणि १,००० वर नुसत्या वजनानं चार हात. काळं कुठं पुसलं ते पाहिलं. मुळाकडे पुसलं, टोकाकडचं सेंटीमीटरभर तसंच. माझी पहिली चूक: टोकावर बोटानं दाबलं. पोकळ पातं दाबलं की लवतं, धार वर उचलते आणि मधला भाग जास्त घासला जातो. अर्ध्या तासात मी मध्ये हलकासा खळगा पाडायला सुरुवात केली होती. मार्करनं वेळेवर दाखवलं. बरोबर रीत अशी की वस्तरा मुळाकडून टोकाकडे तिरपा ओढत न्यायचा, म्हणजे लांबीचा प्रत्येक भाग दगडावरून एकदा जातो, आणि दाब द्यायचाच नाही. १,००० ला दोन तास दहा मिनिटं लागली. धार तयार झाली की नाही ते ६,००० वर जाऊन कळत नाही, १,००० वरच कळायला हवं: मायक्रोस्कोपखाली दोन्ही अंगं टोकापर्यंत अखंड रेघेत भेटली पाहिजेत, मध्ये कुठे उजेडाचा ठिपका चमकला नाही पाहिजे. पुढं ६,००० ला चाळीस मिनिटं, १२,००० च्या जपानी दगडाला वीस.

हाताचा केस अधांतरी कापला गेला. दाढीच्या खुंटावर मात्र ओढत होता.

१० नोव्हेंबर

दिवाळीत आबा लातूरला आले होते. पट्टा मी गंजगोलाईच्या बाजारातून आणलेल्या म्हशीच्या कातड्याचा केला होता, ६५० रुपये. त्यांनी हात फिरवला आणि विचारलं, ‘‘चपलेचं हाय का हे?’’ तळव्याचंच होतं, चार मिलिमीटर जाड, कडक. त्यावर पातं घसरत नाही, आपटतं. वडिलांच्या जुन्या पट्ट्याचं मऊ झालेलं गाईचं कातडं त्यांनी मागून घेतलं, ते खिडकीच्या गजाला बांधलं, आणि मला परजायला लावलं.

पाच हातांत त्यांनी थांबवलं. परतताना मी वस्तरा धारेवरून उलटवत होतो. पाठ कातड्याला चिकटलेली ठेवून पाठीवरूनच कूस बदलायची, आणि पाठ पुढं, धार मागं. मी दर फेरीच्या शेवटी धार कातड्यात रोवत होतो, म्हणजे १२,००० च्या दगडानं दिलेलं सगळं त्याच क्षणी घालवत होतो. कातड्यावर माझे सात बारीक काप आहेत. आबांचा हात संथ आणि अगदी सारखा, त्याचा आवाज कापड फाडल्यासारखा नाही, पोत्यावरून झाडू फिरवल्यासारखा येतो. आता कानानं ओळखता येतं. रोज रात्री एक बोथट वस्तरा घेऊन साठ हात, वेग वाढवायचा नाही. तीन आठवडे हेच करायचं.

१५ डिसेंबर

आजोबांच्या वस्तऱ्याचं काय करायचं ते ठरवलं. धार सरळ करायची तर मधला फुगवटा दोन्ही टोकांच्या पातळीला आणावा लागेल, म्हणजे आणखी दीड मिलिमीटर पोलाद जाईल. ते करून पातं इतकं अरुंद होईल की कोन बसणार नाही. मायक्रोस्कोपखाली पाठ नीट पाहिली. एका बाजूची झीज मोठी आहे ती कुठल्या चुकीनं नाही. धोकटीतला दगड हातात धरून पाहिला तेव्हा कळलं: आजोबा दगड जमिनीवर ठेवत नव्हते, डाव्या तळहातात धरून उजव्या हातानं वस्तरा त्यावर फिरवत होते. एका बाजूला ओढताना मनगट जोर देतं, परतताना देत नाही. दगडाची वाटी आणि पाठीची तीन आणि दोन मिलिमीटरची सपाटी एकमेकांत बरोबर बसतात. वस्तरा त्या वाटीत ठेवला की धार, जी काचेवर दोन्ही टोकांना उचलली जाते, ती दगडाला सगळीकडे टेकते.

मी त्याला दगड लावला नाही. लाल गंज बोटानं काढला, तेल दिलं, चिंधी धुऊन परत गुंडाळली. ढिल्या खिळ्यालाही हात लावला नाही.

जोडीदाराचा ढिला खिळा मात्र घट्ट केला. गोल डोक्याच्या हलक्या हातोडीनं, पोलादी ठोकळ्यावर, कडेकडेनं टिचक्या. एकदम मध्ये जोरात मारलं तर शिंग चिरतं. पन्नासेक टिचक्या लागल्या.

५ जानेवारी २०२५, रविवार

औशाला, आबांच्या ओसरीवर. त्यांनी आधी कोमट पाण्यानं माझी दाढी दहा मिनिटं भिजवली, साबण बोटांनी मुरवला. मग वस्तरा उघडून दस्ता मागं वळवला, करंगळी शेपटीवर टेकवली आणि डाव्या अंगठ्यानं माझ्या कानाजवळची कातडी वर ताणली. गालावरून पहिला हात गेला तो मला लागला नाही, नुसता ऐकू आला, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा. हनुवटीखाली दोनदा ओढला. आबा थांबले, पट्ट्यावर वीस हात परजले, पुन्हा टेकवला, पुन्हा ओढला. ‘‘टोकाला कमीय,’’ म्हणाले. उरलेली दाढी त्यांनी मुळाकडच्या अर्ध्या पात्यानं पूर्ण केली. एकही काप नाही.

त्यांनी वस्तरा पुसून मिटला, आणि मिटण्याआधी शिक्का वाचायला डोळ्यांजवळ नेला. त्यांना इंग्रजी येत नाही. ‘‘बंगालीच की हा,’’ म्हणाले.

आजवरचा खर्च: तीन खरेद्या मिळून २२,९०० रुपये, दगड ९,०००, कातडं ६५०, किरकोळ ९००. एकूण ३३,४५०, म्हणजे ठरवल्याच्या दुपटीहून जास्त. यातले ६,१०० चमक पाहून गेले आणि लॉटमधले निम्म्याहून जास्त एक खूण न वाचल्यामुळे. धारेवर मोजलेले तास २१, त्यात पाणी उतरलेल्या वस्तऱ्यावरचे नऊ.

टोकाकडच्या शेवटच्या सेंटीमीटरला मार्कर लावून ठेवलाय. उद्या रात्री दुकान बंद झालं की १,००० पासून नाही, ६,००० पासून सुरुवात करतो, टेप नवी.